डोंग्याचा कप्तान

नौदलातून निवृत्त झालेले शालीकराम बिसेन म्हणजे अजब वल्ली. जन्मभर समुद्रावर काढून म्हातारपणी ते तिरोड्याला आपल्या घरी परतले आणि रोज सकाळी बोदलकसा तलावावर हजर व्हायला लागले. पंच्याहत्तरी उलटली होती, पण पोहण्यात पोरांना मागं टाकत. मासा गळावरून निसटला की हिंदीतून अशी शिवी हासडत, की काठावरची गुरं माना वर करत.

तलावावर मासेमारी करणाऱ्या बकारामनं त्यांना पहिल्यांदा आपल्या डोंग्यात बोलावलं, तेव्हा साहेब गुडघाभर पाण्यात ताठ उभे राहिले. "वर येऊ का, कप्तान?"

बकारामला वाटलं, बुढा थट्टा करतोय. "काऊन इचारता जी? हा का जहाज आहे?"

"जहाज लहान असो की मोठं, कप्तानाला विचारल्याशिवाय चढायचं नाही. सारा जन्म विचारलं, आता काय सवय मोडू?"

तेव्हापासून रोज तेच. बिसेन विचारत, बकाराम "या" म्हणे, मगच ते पाय उचलत. एकदा जाळ्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवशी बकारामनं मुद्दाम तोंडाला कुलूप लावलं. बिसेनही हट्टाला पेटले. ऊन चढलं तरी म्हातारा पाण्यात उभाच! शेवटी बकारामलाच हसू फुटलं. ज्याला जन्मभर लोकांनी 'ए डोंगेवाल्या' अशीच हाक मारली, त्याची एक साहेब रोज परवानगी मागत होता. बकारामला ते आवडायचं. फार आवडायचं.

बिसेन गेले ते झोपेतच. अस्थी बोदलकशातच सोडायच्या, असं त्यांनी मुलीला, हर्षाला, बजावून ठेवलं होतं. बकारामनं डोंगा घासूनपुसून लख्ख केला, बसायच्या फळीवर धुतलेली चादर अंथरली. साहेबांची शेवटची फेरी आपल्याच डोंग्यातून व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. पण साहेबांच्या पुतण्यानं, गजेंद्रनं, पर्यटकांची मोटरबोट ठरवली होती. घरची माणसं, त्यांचं दुःख, आपण मध्ये बोलणारे कोण? बकाराम बाजूला उभा राहिला.

गजेंद्र भराभर बोटीत चढला. मागून हर्षा कलश घेऊन पाय टाकणार, तोच बकारामच्या तोंडून निघून गेलं, "साहेब इचारल्याबिगर कधी चढले नाही जी!"

सगळे वळून बघायला लागले. बकाराम ओशाळला.

हर्षानं उचललेला पाय मागं घेतला. "बाबा फोनवर सांगायचे ते कप्तान तुम्हीच ना?"

बकारामनं नुसती मान हलवली. हर्षा वळली, डोंग्यापाशी आली आणि साडीसकट गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

"वर येऊ का, कप्तान?"

बकारामचे डोळे भरून आले.

"ताई, चढ ना! कायले उभी आहेस?" गजेंद्र बोटीतून ओरडला.

ती हलली नाही. कलश छातीशी धरून बापासारखीच ताठ उभी राहिली.

बकारामनं गमछ्यानं तोंड पुसलं आणि कलशाकडे बघत म्हणाला, "या, साहेब."