वय वर्षे एक ते तीन

खेळण्यांच्या दुकानात कप्पे वयाप्रमाणे लावलेले असतात, हे मला सत्तरीत कळलं. सगळ्यात खाली तान्ह्यांचं, त्याच्या वर एक ते तीन, त्याच्या वर तीन ते पाच. मी नातीसाठी खेळणी घेतो, असं दुकानातल्या मुलीला वाटायचं. माझ्या लेकीलाही तसंच वाटायचं. मी कुणाचा गैरसमज दूर करायला गेलो नाही.

नात होतीच म्हणा. टिल्ली, दीड वर्षाची. लेक कामावर गेली की दिवसभर आमच्याकडे. पण खेळणी मी घेत होतो ती बायकोसाठी. हिने कपड्यांच्या कारखान्यात उभा जन्म काज-बटण केलं आणि आता स्वतःच्या स्वेटरची बटणं हिला लावता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, विसरत जाणार, औषधाने फार तर जरा सावकाश. डोक्याला चालना देत राहा, असंही म्हणाले, आम्ही उठता उठता. मी तेवढंच धरून बसलो. बुडत्याला काडीचा आधार.

“प्लास्टिकचं नका घेऊ, आजोबा,” दुकानातली मुलगी म्हणाली. “ही लाकडी पाटी घ्या. टिकाऊ आहे. बोटांना वळण लागतं, मेंदूची वाढ होते.”

“वाढ नाही झाली तरी चालेल. आहे ते राहिलं तरी पुरे.”

ती हसली. म्हाताऱ्याचा विनोद, दुसरं काय.

पाटीवर कापडाच्या पट्ट्या होत्या. एकीला बटणं, एकीला चेन, एकीला बक्कल. घरी आल्यावर दोघींना सतरंजीवर शेजारी शेजारी बसवलं. टिल्लीने आधी बटण चाटून पाहिलं. हिने मात्र अंगठ्याने काज चाचपलं आणि नाक मुरडलं.

“टाके सैल आहेत,” ही म्हणाली आणि तिन्ही बटणं झटक्यात लावून मोकळी झाली. आनंदाच्या भरात माझं गॅसवरचं दूध उतू गेलं. जाऊ दे म्हटलं.

मग रोजची शाळाच सुरू झाली. मास्तर एक, पाटी एक, विद्यार्थिनी दोन. टिल्लीला एक बटण जमलं, तेव्हा हिला दोन जमत होती. टिल्लीला दोन जमली, तेव्हा हिला एक. मला टिल्लीचा राग यायचा. दोन वर्षांच्या नातीचा राग! लाज वाटायची, पण यायचा.

एकदा लेक लवकर घरी आली. पाटी हिच्या मांडीवर होती. मी हिचं बोट धरून बटण काजातून ढकलत होतो आणि टिल्ली कधीच कंटाळून खुर्चीखाली जाऊन बसली होती. लेकीला सगळं कळलं.

“बाबा, पालथ्या घड्यावर पाणी आहे हे.”

“आईला घडा म्हणतेस?” मी ओरडलो.

ती उलटून ओरडली नाही, हेच वाईट झालं. खाली बसली आणि हळूच म्हणाली, “टिल्लीला हे खेळणं आता नकोय, बाबा. कुणाला तरी देऊन टाकू या का?”

“हे इथून हलणार नाही,” मी म्हणालो.

थंडी पडली तसा हिचा स्वेटर बाहेर निघाला. टिल्ली आपण होऊन खुर्चीवर चढली आणि आजीची बटणं लावायला लागली. वरपासून खालपर्यंत, एकही काज चुकलं नाही. हिने कौतुकाने टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं,

“अहो, कुणाची हो ही गोड मुलगी?”

“मी टिल्ली,” टिल्ली म्हणाली.

“हो का?” म्हणून हिने पाटी ओढली आणि बटणाची पट्टी तोंडात घातली. पाटीवर अजून साधा ओरखडा नव्हता. टिकाऊच होती ती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो.

“नात तीनची झाली असेल ना?” मुलगी म्हणाली. “वरच्या कप्प्यातलं दाखवते.”

“नको. खालचं दाखव. तोंडात घातलं तरी चालेल असं.”

“अय्या, दुसरं नातवंड! पेढे कुठायत आजोबा?”

मी नुसतं हसलो. तिने वाकून एक मऊ खुळखुळा काढला आणि माझ्या कानाशी वाजवून दाखवला.

“पण हा फार दिवस पुरत नाही हं. मूल लगेच मोठं होतं. मग या परत.”

खुळखुळा घेऊन मी तान्ह्यांच्या कप्प्याकडे पाहिलं. त्याच्या खाली कप्पा नव्हता.