तळाच्या पाण्याचा वाटा

महिनाभर समुद्रावर राहून पोरगी हात हलवत परत येते, याला काय म्हणावं? दाएंग बाऊने लेकीच्या खांद्यावरची पेटी खेचून घेतली आणि उघडली. आत बर्फ होता. बर्फात मासा नव्हता, एक बाटली होती आणि बाटलीत पाणी.

"हे काय गं?"

"तळाचं पाणी, अम्मा. दोन किलोमीटर खालचं. तपासून उरलेलं संशोधनाच्या बोटीवरच्या सरांनी मला ठेवू दिलं. माझ्या हातानं वर काढलेलं पहिलंच."

"एवढं शिकून पाणी भरायला गेलीस होय? मेले, ते आपल्या नळावरही जमलं असतं."

जुमरिआनी हसली. "गुरुवारी बोट पुन्हा निघतेय. जाऊ ना?"

बाऊ तोंड उघडणार तोच जिन्याखाली घमेली वाजायला लागली. पाओतेरे बंदरामागच्या त्या आळीची रीतच तशी. कुणी समुद्रावरून आलं की शेजारणी घमेली घेऊन आपला वाटा मागायला येणार, आणि एक जरी घमेलं कोरडं परत गेलं तरी त्या माणसानं पुढच्या फेरीला निघायचं नाही. 'पोरगी समुद्रावर गेलीय' असं मासळीबाजारात बाऊनेच मिरवलं होतं. बायकांनी त्याचा अर्थ मासळी असा घेतला, तर त्यांचं काय चुकलं?

सगळ्यांत पुढे दाएंग कानांग. "काय जुमरी, कुपा की बांगडा?"

"पाणी," बाऊ ओठ आवळून म्हणाली.

आळी खदखदून हसली. कानांग म्हणाली, "पाणी तर माझ्या मोरीमागेच आहे! मग गुरुवारचं बोटीवर जाणं राहिलंच म्हणायचं."

"तुझा लेक जाळं घेऊन पाण्याच्या वरवर फिरतो, कानांग. माझी पोर तळाशी हात घालून आलीय. घमेलं पुढे कर!"

बोलून गेली खरी, पण बाटली आता लेकीनं छातीशी धरली होती. तान्ह्या पोराला धरावं तशी. बाऊने ते पाहिलं. जरा वेळानं जुमरिआनीने झाकण फिरवलं, खाली उतरली आणि एकेका घमेल्यात बेतानं धार सोडत गेली.

कानांगने बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं बाई गं! केवढं गार!"

"बर्फातलं आहे ते," मागून कुणीतरी म्हणालं.

"तळाशीही एवढंच गार असतं, मावशी. ऊन पोचतच नाही तिथे."

कानांगने ते ओलं बोट गालाला लावलं. मग सगळ्याच लावू लागल्या, एकमेकींच्या मानेवर शिंपडून किंचाळू लागल्या. घमेली ओली होऊन घरोघर गेली.

बाटलीत बोटभर पाणी उरलं होतं. घरचा वाटा शेवटी. जुमरिआनी वर आली आणि आईचं भांडं शोधू लागली.

बाऊने बाटलीच्या तोंडावर पंजा ठेवला.

"माझा वाटा राहू दे त्यातच. झाकण घट्ट लाव. आणि गुरुवारी वेळेवर नीघ, आपल्या घरातल्या कुणी बोटीला ताटकळत ठेवलेलं नाही आजवर."