फोन चालू आहे ना?

मिस्त्रींचा जन्म शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेला. यंत्र कुरकुरलं की तेल, दोरा तुटायला लागला की सुई बदल, आणि तरीही ऐकलं नाही तर स्क्रू खोलून आत डोकवायचं. या मेल्या फोनला मात्र बाहेरून एक स्क्रू दिसेल तर शपथ! उघडायचं कुठून, इथपासूनच घोळ.

दहा दिवसांपूर्वी फोननेच विचारलं होतं, नवीन अपडेट आलंय, टाकू का? मिस्त्री पडले सरळमार्गी, टाक म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शंभर टक्के असलेली बॅटरी जेवायच्या वेळेला वीसवर यायला लागली.

एरवी त्यांनी फोन कपाटात टाकून दिला असता. पण बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, आणि किडनी मिळण्याच्या यादीत तिचं नाव सरकत सरकत वर आलं होतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नंबर होता तो याच फोनचा. किडनी मिळाली की फोन येणार, आणि अर्ध्या तासात उचलला नाही तर ती पुढच्याला जाणार. आणि गेल्या मंगळवारी तर फोन चाळीस मिनिटं बंद पडला होता!

मिस्त्रींनी घाबरून सगळ्या नातेवाइकांना सांगितलं. मग काय, जो तो अक्कल शिकवायला लागला. थोरला भाऊ म्हणाला, स्क्रीनचा उजेड कमी कर. केला, तर उन्हात आकडेच दिसेनात. साडू म्हणाला, ब्लूटूथ बंद करा. ते चालू कधी केलं होतं, हेच मिस्त्रींना माहीत नव्हतं. मुलगी परगावाहून म्हणाली, "बाबा, सिम काढून आईच्या फोनमध्ये घाला." पण सिम काढलं आणि नेमका त्याच मिनिटाला फोन आला तर? छे, छे! त्या सिमला हात लावायची मिस्त्रींची छाती होईना.

एवढं सगळं करूनही बॅटरी उतरतच राहिली. मिस्त्रींच्या डोक्याचं पार भजं झालं. शेवटी अकराव्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या मोबाइलवालीकडे गेले.

"काका, बसा," ती म्हणाली. तिने दोन-तीनदा बोट फिरवलं आणि एक यादी काढली. "कशाने किती बॅटरी खाल्ली ते इथे कळतं. सगळ्यात वर काय आहे बघा. कॉल. काल दिवसात एकसष्ट फोन झालेत तुमचे!"

"मी कशाला करू? ते येतात."

"कोणाचे?"

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणी होती. "भावोजी, फोन चालू आहे ना?"

"आहे, आहे. एकोणतीस टक्के." मग उजेडाचं काय केलं, चार्जर कोणता लावला, सगळं साग्रसंगीत सांगून मिस्त्रींनी फोन ठेवला. ठेवतात न ठेवतात तोच भावाचा आला. त्यालाही तेच विचारायचं होतं.

मोबाइलवालीने कपाळाला हात लावला. "काका, अपडेट झालं की फोन दोन-तीन दिवस आतली आवराआवर करतो, तेव्हा बॅटरी जास्त जाते. मग आपोआप ठीक होतो. तुमचा कधीच ठीक झालाय. आता त्याला तुमची माणसं खातायत."

"म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला?"

"आणि दिवसभर लाइन अशी अडकलेली असेल, तर हॉस्पिटलवाल्यांना ती लागणार कशी?"

दहा दिवसांत कोणी फोन करून कंटाळलं तर नसेल? मिस्त्रींनी तिथेच उभं राहून एकेकाला बजावलं, यापुढे फोन करायचा नाही म्हणजे नाही. मेहुणी रुसली. रुसू दे.

घरी येऊन त्यांनी फोन चार्जरला लावला आणि समोर खुर्ची टाकून बसले. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. दुपार गेली. एकही फोन नाही. ही शांतता चांगली की वाईट, तेही त्यांना समजेना. अपडेटच्या नादात घंटीच तर बंद झाली नसेल?

साडेचारला ती वाजली. नंबर अनोळखी. मेहुणीने शेजारणीच्या फोनवरून लावला असणार! मिस्त्री भडकलेच. "चालू आहे फोन! ब्याऐंशी टक्के! आता तरी पिच्छा सोडा!"

"हॉस्पिटलमधून बोलतेय," पलीकडची बाई म्हणाली. "किडनी आली आहे. पेशंटची तब्येत कशी आहे? दोन-तीन दिवसांत ताप, खोकला काही?"

दहा दिवसांतली बॅटरीची टक्केवारी मिस्त्रींना तासातासाची पाठ होती. ते बायकोकडे वळले.

"अगं, तुला... बरं आहे ना? ताप वगैरे?"

तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली. "परवा होता. काल उतरला."

"मला बोलली नाहीस?"

"दोनदा हाक मारली. तुम्ही फोनवर होतात."

मिस्त्रींना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उठून त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं, पण खरंच गार होतं की आपलाच हात गरम होता, त्यांना कळेना. पलीकडून बाई हॅलो हॅलो करत होती.

"परवा ताप होता," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

"या तुम्ही. किडनी बसवता येईल का, ते तपासून ठरवू," ती म्हणाली.

चार्जर भिंतीलाच राहिला. मिस्त्रींनी खाली बसून बायकोच्या पायात चपला सरकवल्या, आणि तिचा हात धरून ते जिना उतरायला लागले.