कवळीच्या प्लॅस्टरचा तुरुंग

मी एक जुना तुरुंग आहे. घाबरू नका मित्रांनो, माझी उंची जेमतेम चार बोटं आहे. आगपेटी उभी केली तर ती माझ्या खांद्याला लागते. पण लहान असलो म्हणून काय झालं, तुरुंग तो तुरुंगच. मला दगडी भिंती आहेत, गज आहेत, कोपऱ्यात ओल आहे, आणि तब्बल आठ वर्षं माझ्याकडे एक कैदीही होती. शिक्षा संपली की कैदी घरी जातो. तुरुंगाला मात्र जन्मठेप, आणि तीही काही गुन्हा न करता. याबद्दल आजवर कोणी हळहळल्याचं ऐकिवात नाही, म्हणून आपली हकिगत आपणच सांगतो.

माझा जन्म कवळ्या बनवणाऱ्या एका गृहस्थांच्या टेबलावर झाला. ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देत. रोज सकाळी लोकांच्या जबड्यांचे ठसे येत, ते प्लॅस्टर कालवून त्यात ओतत, आणि संध्याकाळपर्यंत फडताळावर दहा-बारा जबडे ओळीने वाळत बसलेले असत. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. मीही काकाच म्हणतो.

एकदा एका निवृत्त न्यायाधीशांचा खालचा जबडा ओतून झाला आणि वाटीत थोडं प्लॅस्टर उरलं. त्यातून मी झालो. न्यायाधीशांच्या जबड्यातून तुरुंग निघावा यात नवल नाही, पण मी ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतो.

प्लॅस्टर अर्धवट घट्ट झालं तेव्हा काकांनी दात कोरायच्या हत्याराने माझ्यावर एकेक दगड कोरला. दोनशे बारा दगड आहेत. मोजायला मला भरपूर वेळ मिळाला. वाकडे दात सरळ करायला जी तार बांधतात, तिचे गज झाले. आधी मला काळाकुट्ट रंगवलं. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून राखाडी रंग वरच्यावर फिरवला, म्हणजे दगडांच्या कडा तेवढ्या उजळल्या. ओल दाखवायला चहाचं पाणी सोडलं आणि पायाशी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा चिकटवला, तो शेवाळ म्हणून. आणि मित्रांनो, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझं दार खरंच उघडत असे! बारीक तारेच्या बिजागरीवर ते आत-बाहेर फिरे. पुष्कळ छोट्या किल्ल्यांची दारं नुसती रंगवलेली असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण फरक असतो.

हे सगळं कशासाठी, असं तुम्ही विचाराल. काकांच्या घरी रविवारी दुपारी एक खेळ चाले. टेबलावर आम्ही मांडले जायचो: बाटलीच्या झाकणाची विहीर, हाडांचा पूल, आणि एक ड्रॅगन, ज्याच्या हिरड्या कवळीच्या गुलाबी मसाल्याच्या असल्यामुळे तो कितीही खवळला तरी नुकतेच दात घासून आल्यासारखा दिसे. काका गोष्ट सांगत, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आहात, आत कोणीतरी घोरतंय." मग प्रत्येकाने आपली सोंगटी काय करणार ते सांगायचं आणि वीस पैलूंचा फासा टाकायचा. फाशावर जे पडेल ते नशीब.

थर्माकोलचा एक मोठा किल्लाही होता. काकांनी तीन महिने खपून तो केला आणि शेवटी हौसेने स्प्रेचा डबा आणून रंगवायला घेतला. स्प्रेने थर्माकोल विरघळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पाच मिनिटांत बुरूज खाली बसले, तट वाहून गेला. काका बराच वेळ बघत राहिले. रविवारी मंडळी आली तेव्हा म्हणाले, "हे ड्रॅगनने जाळलेलं गाव." मंडळी थक्क झाली. "काका, हे जळकं काम कसं काय साधलंत हो?" काका म्हणाले, "धीर लागतो."

काकांचे नियम कडक होते. दारावरची बेल वाजली की दार तेच उघडणार. आतून विचारणार, "कोण आहे तिकडे?" बाहेरून उत्तर यायचं, "वाटसरू!" मग, "हत्यारं बाहेर ठेवा," आणि छत्र्या बाहेर राहायच्या. तिथून बैठक सुरू. दुसरा नियम माझ्यासंबंधी होता. जो माझ्यात अडकेल त्याला एका बैठकीत एकदाच फासा टाकता येईल, आणि वीस पडले तरच सुटका. एकोणीसला नाही. त्या काळात माझ्यात कितीतरी लोक अडकले आणि सुटले. दार उघडताना जी टाळी पडे, ती कैद्याला पडे खरी, पण थोडी मीही ठेवून घेई.

काकांची पुतणी तेव्हा कॉलेजात होती. तिची सोंगटी म्हणजे एक चोरटी, पाय उचलून पळण्याच्या पवित्र्यातली. एका रविवारी राजाचा मुकुट उचलताना तिला फाशावर एक पडला.

"चोरटीला शिंक आली," काकांनी जाहीर केलं.

"काका! चोराला शिंक येते कधी?"

"धूळ होती. राजवाड्यात झाडलोट नाही."

चोरटी माझ्यात आली. सुटकेच्या फाशावर पडले चार. आणि त्याच आठवड्यात पुतणीला नोकरी लागली, विमानाने जावं लागेल इतकी लांब. निघताना ती म्हणाली, "काका, हिला अशीच राहू दे. मीच येऊन सोडवीन. दुसऱ्या कोणी फासा टाकायचा नाही हं."

"तुरुंग पळून जातोय थोडाच!" काका म्हणाले. तेव्हा मला हा विनोद आवडला होता.

मग काकांनी प्रेमापोटी एक चूक केली. माझ्यावर धूळ बसू नये, रंग उडू नये म्हणून त्यांनी मला व्हार्निशचे तीन हात दिले. चोरटी आत, दार बंद. व्हार्निश बिजागरीत झिरपलं आणि तिथेच वाळलं. दार उघडायचंच नव्हतं, त्यामुळे काकांना काही कळलं नाही. मला मात्र कळलं. तुमची जीभ टाळूला चिकटली आणि तोंड उघडता येईना, तर कसं वाटेल? तसं वाटलं. पण दिसायला मी चकचकीत झालो होतो.

त्यानंतर तीन वर्षांनी काका जिन्यावरून पडले. कमरेचं हाड मोडलं, ते जुळलं, पण हाताला कंप आला तो गेला नाही. कवळ्या बंद झाल्या. त्यांची थोरली बहीण दोन पिशव्या घेऊन पंधरा दिवसांसाठी आली, त्याला आता पाच वर्षं झाली. काका तिला आक्का म्हणत, पुतणी आत्या म्हणे, आणि मी मनातल्या मनात जेलरसाहेब. तुरुंगाची नजर असते मित्रांनो, माणूस ओळखता येतो.

आक्कांचा जीव होता भावावर, म्हणून तर सगळं कठीण झालं. "उठू नकोस. वाकू नकोस. बेल वाजली तर मी आहे ना?" खेळाची मंडळी दोन-चारदा येऊन गेली. आक्कांनी त्यांना दारातूनच सांगितलं, "त्याला दगदग नको." खेळाच्या टेबलावर औषधांचे डबे आले आणि आम्ही काचेच्या कपाटात गेलो. किल्ली आक्कांच्या जुडग्यात. आत डांबराच्या गोळ्यांचा वास. रोज सकाळी आक्का बाहेरून काच पुसत, इतकी लख्ख की काच आहे हेच विसरायला व्हावं. पाहुणे म्हणत, "अगं बाई, किती बारीक काम!" आक्का सांगत, "पाच वर्षांत कोणाला हात लावू दिलेला नाही."

मला समोर काकांची खुर्ची दिसे. खुर्चीपासून खिडकीपर्यंत सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, काठी घेऊन. बाकी दिवसभर बसणं. कपाटात मी, माझ्यात चोरटी, खोलीत काका. आमच्यापैकी नेमकं कोण आत आणि कोण बाहेर, याचा कधीकधी माझा गोंधळ होई. काका काहीही सांगितलं तरी म्हणत, "बरं." पूर्वी हाच माणूस ड्रॅगनच्या आवाजात बोलत असे. आणि चोरटी उचललेला पाय न टेकता, आठ वर्षं, माझ्या दाराकडे बघत उभी. मी तिच्या नजरेला नजर देत नसे.

एके दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेतला एक मनुष्य आला. त्यांना दालन थाटायचं होतं, दातांच्या प्लॅस्टरमधली कलाकुसर तिथे ठेवायची होती. "स्क्रूने कायमची बंद केलेली पेटी करू," तो म्हणाला. "आत हवासुद्धा जायची नाही. शंभर वर्षं काही होणार नाही बघा."

आक्कांना ते फार आवडलं. मी ते वाक्य पुन्हा मनाशी म्हणून पाहिलं. शंभर वर्षं. काही. होणार. नाही.

"देऊ या ना रे?" आक्कांनी विचारलं.

"बरं," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "आक्का, फोन दे जरा." आणि पुतणीला एवढंच सांगितलं, "शुक्रवारी सकाळी तुझी चोरटी जातेय. कायमची."

पुतणी गुरुवारी दुपारी आली. दार आक्कांनी उघडलं. गळाभेटी झाल्या, वाळलीस, केस का कापलेस, हेही झालं. कपाट उघडून मला टेबलावर ठेवण्यात आलं. पुतणीने पर्समधून तोच जुना फासा काढला.

"थांब," काका म्हणाले. "ही बैठक धरता यायची नाही. दार मी उघडलेलं नाही."

"अरे, काय पोरखेळ चाललाय!" आक्का म्हणाल्या. पण पुतणी बूट घालून बाहेर गेलीसुद्धा. बेल वाजली. काका काठी टेकत उठले.

"बस तू, मी बघते."

"आक्का," काका म्हणाले, "नियम आहे." आणि दारापाशी जाऊन आवाज चढवून, "कोण आहे तिकडे?"

"वाटसरू!"

"हत्यारं बाहेर ठेवा!"

फासा पडला. सात.

"पुन्हा टाकते."

"एका बैठकीत एकदा."

"काका, आठ वर्षांनी आलेय मी!"

"चोरटी पण आठ वर्षं आत आहे. ती बोलतेय का काही?"

पुतणीने काकांकडे पाहिलं, बूट घातले, बाहेर गेली. बेल. काका उठले. अकरा. बूट. बेल. दोन. आक्का कपाळाला हात लावून बसल्या. "पाय दुखतील रे तुझे! ए, तू तरी ऐक, त्याला दोनच फेऱ्यांची परवानगी आहे!" बेल. सोळा. बेल. एकोणीस, आणि तिघंही ओरडले. हो, तिघंही, आक्कांनी नंतर ते नाकारलं.

नवव्या खेपेला काका दाराशी गेले तेव्हा त्यांची काठी खुर्चीलाच टेकलेली होती. मी पाहिलं. आक्कांनीही पाहिलं. काठी उचलून त्यांनी हळूच दाराआड ठेवली.

तेराव्या बैठकीला वीस पडले.

पुतणी नाचली. काकांनी ड्रॅगनच्या आवाजात जाहीर केलं, "दार उघडा!" पुतणीने बोट लावलं. दार हललं नाही. पुन्हा लावलं. काकांनी चष्मा चढवला आणि बिजागरीकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांना आठ वर्षांत पहिल्यांदा सगळं कळलं.

"व्हार्निश," ते म्हणाले. "मीच केलं हे."

त्यांनी जुनं हत्यार मागवलं. टोक बिजागरीशी नेलं, पण हात थरथरत होता. एकदा माझ्या भिंतीवर ओरखडा उठला. त्यांनी हत्यार पुतणीपुढे धरलं. ती मागे सरली. "नको काका. मोडेल. इतकं सुंदर आहे. राहू दे मग तसंच. फोटो काढते."

मित्रांनो, सुंदर असण्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. मोडा, मी म्हणत होतो. मोडा मला. पण तुरुंगाचं कोण ऐकतं?

तेवढ्यात आक्का उठल्या. "दुपारपासून बेल ऐकून ऐकून डोकं उठलंय माझं," त्या म्हणाल्या, मला डाव्या हाताने उचललं आणि उजव्या अंगठ्याचं नख गजांत घालून एक हिसका दिला.

कट्.

दार बिजागरीसकट उडून औषधांच्या डब्यात पडलं. सोबत माझ्या चौकटीचा एक टवकाही गेला. मग पुतणीने दोन बोटांनी चोरटीला बाहेर काढलं. माझ्या जमिनीवर तिच्या पायाखालचा ठिपका तेवढा मळका, व्हार्निशविना राहिला होता. काका हसायला लागले. इतके हसले की आक्कांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एवढंसं तर होतं ते. त्यात काय!"

शुक्रवारी संघटनेचा मनुष्य आला. त्याने ड्रॅगन घेतला, विहीर घेतली, जळकं गाव तर दोन्ही हातांवर तोलून नेलं. मला पाहून म्हणाला, "हे मोडलंय."

"हो," काका म्हणाले. "ते नोकरीत आहे."

मित्रांनो, या वाक्यावर मी उरलेलं आयुष्य काढू शकेन. वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी कसा नाही म्हणू? पण जपताना अधूनमधून आमचं दार उघडून पाहत जा. हाताळा आम्हाला. थोडे झिजू द्या, एखादा टवका उडू द्या. आणि घरात कोणी खुर्चीत बसून सगळ्याला "बरं" म्हणत असेल, तर बेल वाजल्यावर एकदा त्यालाही दार उघडू द्या.

पुतणी परत गेली. चोरटी तिच्या पर्समध्ये, पाय अजून उचललेलाच. माझं दार अजून बसवलेलं नाही. आणि माझ्यात सध्या एक शर्टाचं बटण कैदेत आहे. ती आक्कांची सोंगटी. खेळ पुन्हा सुरू झाला आणि दुसऱ्याच रविवारी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात शिरून त्या थेट आचाऱ्याला शिकवायला गेल्या आणि पकडल्या गेल्या. दार नाही, बटण नुसतं ढकललं तरी बाहेर येईल. पण आक्कांना ते मान्य नाही. वीस पडल्याशिवाय त्या सुटणार नाहीत.

आज आतापर्यंत चौदा, तीन आणि नऊ पडलेत. आत्ताच त्या चपला घालून बाहेर गेल्या आहेत.

बेल वाजली. थांबा हं. काका उठताहेत.