पान दोनशे अकरा

मी पोथी नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या अंगावरचं हळदकुंकू बघून तुमचा गैरसमज व्हायचा. मी एक जाडजूड पुस्तक बोलतोय, चारशे बारा पानांचं. माझ्या वेष्टणावर घोड्यावर बसलेला एक माणूस आहे. त्याच्या हातात बंदूक आहे आणि कपाळावर, अगदी मधोमध, कुंकवाचं बोट उमटलेलं आहे. ते कसं, ते पुढे येईल.

माझी गोष्ट फार लांबच्या देशात लिहिली गेली. तिथं वाळवंट आहे, घोडे आहेत आणि जमिनीवरून एकमेकांना मारणारी माणसं आहेत. पुण्यातल्या एका बाईंनी मला मराठीत आणलं. जाणकारांनी मला थोर साहित्य म्हटलं, तसं माझ्या पाठीवर छापलेलंही आहे. असेन बापडा. पण माझ्या पोटात सत्तावीस माणसं मरतात आणि त्यातल्या एकालाही मला वाचवता येत नाही. माणसाला नको ते दिसलं की डोळे मिटता येतात. पुस्तक मिटलं तरी आतली माणसं ज्या पानावर उभी असतात तिथंच उभी राहतात. माझी अक्षरं छापून झाली, ती झाली.

पुण्याहून मी नाशकात आलो आणि शेवटी गंगापूर रोडच्या कडेला जुन्या पुस्तकांच्या ढिगात पडलो. तिथून मला पूजानं उचललं.

पूजा मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्या रंगनाथची मुलगी. ती पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवायला जायची. जेवणाच्या सुट्टीत भाकरी एका हातात आणि मी दुसऱ्या हातात. कुणी मेलं की ती घास तोंडाजवळ धरून थांबायची. बरोबरच्या बाया म्हणायच्या, "पूजे, कोण वारलं गं आज?" ती हसायची आणि पान उलटायची. खुणेला तिनं द्राक्षांचं एक लेबल घातलं होतं, हिरव्या घडाचं चित्र असलेलं.

ते लेबल दोनशे अकराव्या पानावर पोचलं आणि तिचं लग्न ठरलं.

सटाण्याकडच्या त्या घरात मी तिच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी होतो. तिनं मला एकदाच बाहेर काढलं. सासू म्हणाली, दिवसा पुस्तक धरायला ही काय मास्तरीण आहे का. मी परत तळाशी गेलो. पेटीतून दिसत नाही, पण ऐकू येतं. दाराला आतून कडी लावली तर आवाज हलका येतो, बाहेरून लावली तर जड येतो. नवरा कामावर गेला की रोज जड आवाज यायचा. दर रविवारी दुपारी माहेरचा फोन यायचा. तेवढ्यापुरतं दार उघडायचं, सासू फोन हातात धरून उभी राहायची आणि पूजा घडाघडा बोलायची. "मी बरी आहे. जेवण झालं. सगळे चांगले आहेत. तुम्ही तब्येतीला जपा." मग पुन्हा तो जड आवाज.

मला हे सगळं माहीत होतं. पण माझ्यात ते छापलेलं नव्हतं. मी कुणाला काय सांगणार?

दिवाळीला ती तीन दिवस माहेरी आली, मला पिशवीत घालून. निघायच्या सकाळी ओट्यावर बाप शेवंतीच्या जुड्या बांधत होता, तिथं जाऊन ती म्हणाली, "अण्णा, मला तिथं करमत नाही."

रंगनाथनं जुडीला गाठ मारली. तो मऊ माणूस आहे. त्यानं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "नवं घर हाय, बाळा. जरा कळ काढ. व्हईल सगळं."

ती आणखी काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ती बोलली नाही. जाताना तिनं मला देवळीत, पोथीशेजारी ठेवलं आणि आईला म्हणाली, "हे राहू दे इथं. मधेच सुटलंय माझं."

संक्रांतीनंतर पूजाची आई चतुराबाई फुलं धुवायच्या ओल्या फरशीवर घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने खाटेवर. मुलगा दीपक सकाळ-संध्याकाळ पिकअप घेऊन फूलबाजारात, सून मळ्यात. दुपारी घरात दोघंच. रंगनाथ तिसरीपर्यंत शिकलेला, त्यानं आजवर पोथीशिवाय काही वाचलेलं नाही. चतुराबाईला अक्षर येत नाही. पोथी दोनदा वाचून झाली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, पूजाचं ते वाचा. पोर एवढं काय वाचीत बसायची, आपल्यालाबी कळू दे."

रंगनाथला वाचायची एकच रीत माहीत. त्यानं हातपाय धुतले. पाट मांडला, त्यावर लाल फडकं घातलं, मला ठेवलं. हळदीचं बोट लावलं, कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. मग वेष्टणाकडं नीट बघितलं.

"अगं, ह्याच्या हातात बंदूक हाय."

"देवाच्या हातात काय नसतं? वाचा तुमी."

तो बोट ठेवून वाचायचा. एकेका अक्षरावर झेंडूचा वास असलेलं ते जाड बोट थांबायचं, अक्षर ओळखायचं, मग पुढं सरकायचं. दहाव्या पानावर पहिला माणूस मेला. चाळिसाव्या पानावर एक अख्खी वस्ती जळाली. रंगनाथनं चष्मा काढला.

"हे लय वाईट हाय गं. ठेवून देऊ."

"लावलेली पोथी मधी सोडत्यात का?"

"ही पोथी नाय."

"हळदकुंकू कुणी लावलं मंग?"

रंगनाथनं चष्मा पुन्हा लावला. चतुराबाईच्या सासूनं तिला सांगून ठेवलं होतं, वाचायला घेतलेलं अर्धवट सोडलं की त्यातलं संकट घरात राहतं. ते दोघंही मानत होते. असा माझा वाचक माझ्यात अडकला, आणि मी फडक्यात. वाचन झालं की मला घट्ट गुंडाळून गाठ मारत.

चतुराबाई ऐकता ऐकता मधेच विचारायची.

"हे घोडेवाले खात्यात काय?"

"शेंगांचे दाणे उकडून खात्यात, असं लिवलंय."

"पेरतं कोण?"

रंगनाथनं दोन पानं मागं जाऊन बघितलं. "कुणीच पेरीत नाय."

"म्हनून भांडत्यात. एकाला निंदणीला बसवला असता तर बंदूक उचलायला कंबर उरली नसती."

रविवारी रंगनाथ पूजाला फोन करायचा. स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवायचा. "मी बरी आहे. जेवण झालं. सगळे चांगले आहेत. तुम्ही तब्येतीला जपा." रंगनाथ समाधानानं मान हलवायचा. चतुराबाई फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ फोनकडंच बघत राहायची. आणि मी फडक्यातून ऐकायचो, आणि गप्प असायचो.

मार्चच्या शेवटी आम्ही लेबलापाशी आलो.

दोनशे अकराव्या पानावर काय आहे, ते सांगतो. टोळी येतेय म्हटल्यावर एक मेंढपाळ आपल्या दहा वर्षांच्या मुलीला कोरड्या विहिरीत उतरवतो. पाण्याची एक चामडी पिशवी देतो आणि दोर वर ओढून घेतो, कुणाला संशय नको म्हणून. सांगतो, "आवाज करू नकोस. मी येतोच." आणि समोरच्या टेकडीवर लपतो. टोळी विहिरीजवळच तळ टाकते. एक दिवस, दोन दिवस. बाप टेकडीवरून कान देतो. विहिरीतून आवाज येत नाही. बाप मनाशी म्हणतो, आवाज नाही म्हणजे पोर बरी आहे.

"एक पिशवी पानी किती दिस पुरंल?" चतुराबाईनं विचारलं.

"उद्या बघू."

"उद्या नको. पोरगी विहिरीत हाय."

"माझे डोळे दुखत्यात गं."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला डुलकी लागली तेव्हा रंगनाथनं हळूच माझी गाठ सोडली आणि पुढची चार पानं मनातल्या मनात वाचली. त्याला तासभर लागला. मग त्यानं मला मिटलं आणि माझ्यावर हात ठेवून बसून राहिला. त्या जड हाताचं ओझं मला कधी झालं नव्हतं, पण त्या दिवशी झालं.

ती जागी झाली. त्यानं हातपाय धुतले, पाट मांडला, मला उघडलं.

"चौथ्या दिवशी टोळी निघून गेली," तो वाचू लागला. "बाप पळत खाली आला आणि त्यानं दोर सोडला. पोरगी भरभर वर आली. बापानं तिला पोटाशी धरलं, पानी पाजलं, भाकरी दिली. मग दोघं मेंढ्या घेऊन दुसऱ्या गावाला गेली आणि सुखानं राहिली."

त्याचं बोट माझ्या ओळींवरून सरकत होतं. बोटाखाली निराळंच होतं. मला ओरडावंसं वाटलं, आणि गप्पही राहावंसं वाटलं. त्याचं वाचणं माझ्यापेक्षा चांगलं होतं.

चतुराबाई छताकडं बघत होती. तशीच म्हणाली, "तुमी आज अडखळला नाय."

"आँ?"

"घोडा म्हनताना अडखळता. बंदूक म्हनताना अडखळता. दोन महिने ऐकतेय मी, एक ओळ तुमी सरळ वाचली नाय. आन् आज 'पोरगी भरभर वर आली', एका दमात?"

रंगनाथनं फडक्याची कड सारखी केली.

"लिवलेलं वाचा."

"चतुरे, नको."

"वाचा म्हनते ना."

त्यानं वाचलं. "बा...पानं दो...र सोडला. त्यानं हा...क मारली. दोर खा...ली टेकला." बोट थांबलं. अंगणात सून फुलांवर पाणी मारत होती, तेवढाच आवाज. "खा...लून कुनी... दोर धरला नाय."

चतुराबाई रडली नाही. तिनं फक्त चादर मुठीत धरली.

"चार दिस तो टेकडीवर काय करीत होता?"

"वाट बघत होता. त्याला वाटलं आवाज नाय, म्हंजे बरी हाय."

"पूजा फोनवर कशी बोलते हो?"

"बरी बोलते की. बरी हाय म्हनते."

"अडखळते का?"

रंगनाथनं वर बघितलं.

"लहानपनी ह्या पोरीला एक गोष्ट सरळ सांगता यायची नाय," चतुराबाई म्हणाली. "हे सांगता सांगता ते, मधीच हसायची, मधीच रुसायची. शाळंत काय झालं ते सांगायला तिला अंधार पडायचा. आता दर ऐतवारी तीच चार वाक्यं. जशी तुमी आत्ता पोरगी वर काढली ना, तशी."

रंगनाथ पाटाकडं बघत अगदी हळू म्हणाला, "दिवाळीला ती मला म्हनली होती, करमत नाय म्हनून."

"मंग?"

"मी म्हनलो, कळ काढ."

रंगनाथ उठला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला गुंडाळलं नाही, हात जोडले नाहीत. खुंटीवरची टोपी घेतली आणि अंगणात गेला.

"दीपक, पिकअप काढ. सटाण्याला जायचंय."

"आत्ता? अण्णा, झेंडू भरलाय सगळा. संध्याकाळच्या बाजाराला न्यायचाय."

"भरलेला ऱ्हाऊ दे."

"तिकडं फोन तरी करा आधी."

"फोन नाय करायचा," रंगनाथ म्हणाला. ह्या घरात त्याचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

गाडी गेली. चतुराबाईनं खाटेवरून हात लांब करून मला पाटावरून ओढलं आणि पोटावर उघडं ठेवलं. ती माझ्यावरून बोट फिरवत होती. तिला एक अक्षर येत नाही, पण दोराच्या त्या ओळीवर तिचं बोट कितीदा तरी येऊन थांबलं. मला वाटलं, निदान आता तरी माझी शाई पुसली जावी. ती पुसली जात नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तेव्हा पिकअप वाजली. तिकडं काय बोलणं झालं मला माहीत नाही. क्रेटमधला झेंडू मलूल झाला होता, आणि क्रेटांच्या मधे ती पेटी होती जिच्या तळाशी मी सहा महिने काढले होते. तीन माणसं उतरली. रंगनाथ सगळ्यांत शेवटी आत आला आणि दाराजवळच उभा राहिला. पूजा हडकली होती. ती आईच्या खाटेशी बसली आणि तिची नजर माझ्यावर गेली.

"अण्णा, ह्याला कुंकू लावलं?"

"त्याच्या कपाळावर लिवलेलं नवतं, चोर हाय का साव."

ती हसली. हसणं मधेच मोडलं, आणि ती आईच्या हातावर डोकं ठेवून खूप वेळ तशीच राहिली.

हे झालं परवा. आज दुपारी चतुराबाई म्हणाली, "वाच, पूजे. तुझं मधी सुटलेलं हाय, तूच संपव." फडकं नाही, पाट नाही. पूजानं मला मांडीवर घेतलं आणि लेबल काढलं. ही मुलगी जेवता जेवता तीस पानं वाचायची. पहिल्याच ओळीला ती थांबली. विहीर ह्या शब्दापाशी तिचा आवाज अडकला, ती मागं गेली, पुन्हा वाचू लागली, पुन्हा अडकली. मग पुस्तकातलं सोडून तिनं दुसरंच काही सांगायला सुरुवात केली, त्या घरातलं, तुटक तुटक, हे सांगता सांगता ते. रंगनाथ दारात बसून ऐकत होता. त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

चतुराबाई म्हणाली, "सावकाश सांग. आमी कुठं जात नाय."

माझी दोनशे पानं अजून राहिली आहेत. त्यांतही माणसं मरायची आहेत आणि मी त्यांना वाचवू शकत नाही. विहिरीतली पोरही माझ्यात आहे तिथंच आहे. तुमच्या हाती कधी आलो तर मला हळदकुंकू नको, फडकंही नको. कुणीतरी जवळ बसलेलं असताना मोठ्यानं वाचा. आणि आवाज अडखळला तर मला बाजूला ठेवा, मी थांबेन. मला थांबायची सवय आहे.