सोबतीची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, आमच्या लहानशा गावातल्या लसकेंद्रात माझं सारं आयुष्य गेलं. इथल्याच गिरणीत कापलेल्या लाकडाची मी. टोचून घेणाऱ्यांची खुर्ची वेगळी, मी तिच्या शेजारची, सोबत आलेल्यांची. लेकरू रडू लागलं, की आया माझा हात गच्च धरायच्या. "हिच्यावाचून आमचं पान हलत नाही," असं नर्स मार्लिसबाई म्हणायच्या. काय रुबाब होता माझा तेव्हा!

आमच्या राज्यात पंधरा वर्षं पूर्ण झाली, की मुलांना स्वतःच्या संमतीने लस घेता येते. अशी मुलं एकटीच येतात आणि माझ्यावर दप्तर टाकतात. कायद्यावर माझा राग नाही. पण रिकामं राहणं फार जड जातं.

परवा रोवन आली. त्याच दिवशी तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. गावात गोवर शिरला होता आणि घरी तिचा चार महिन्यांचा भाऊ होता. इतक्या लहान बाळाला ती लस देत नाहीत.

"आईला ठाऊक आहे?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"छे! घर डोक्यावर घेईल ती. मी तान्ही असताना इथेच लस दिली होती, मग रात्रभर तापले म्हणे. तेव्हापासून लशीचं नावसुद्धा काढू देत नाही. तुम्ही फोन कराल तिला?"

"मी आपणहून नाही करणार. पण आठवड्याभराने ताप येऊ शकतो हो. आला तर लपवायचा नाही, घरी सांगायचं. आणि आत्ता नको वाटत असेल, तर खुशाल उठून जा, पोरी."

रोवनने बाही वर सरकवली. मग म्हणाली, "बाळाला गोवर झाला तर? द्या तुम्ही."

मला आठवलं. तान्ही रोवन किंचाळली, तेव्हा तिच्या आईने मला इतकं आवळलं होतं, की अंगठीचा ओरखडा माझ्या हातावर कायमचा राहिला.

सुई पाहून रोवनने डोळे मिटले. तिचा मोकळा हात चाचपडत माझ्याकडे आला आणि बोटं नेमकी त्याच ओरखड्यावर रुतली. तुझी आईही अशीच घाबरली होती गं, एवढंच मला सांगायचं होतं. पण मला कुठलं आलंय तोंड?

थोड्या वेळाने दप्तर उचलून ती वाढदिवसाचा केक कापायला घरी गेली. तिथे हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला पॉलिश नको, गादीही नको. तुमची एखादी मैत्रीण अशी एकटी निघाली, तर तिच्याबरोबर या. काय करायचं ते तिने ठरवलेलं असतं. तुम्ही फक्त माझ्यावर बसा.