पहिला ओरखडा

फिटरकाका निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांचा ग्राइंडर काही सुटला नव्हता. गॅरेजमध्ये गाडीला जागाच नव्हती, तिथे काकांचा दुसरा संसार होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे सगळी भिस्त डाव्यावर. म्हणून लेकीने मुद्दाम कामाचा चष्मा आणून दिला होता. भारीतला, दोन्ही बाजूंनी बंद, काचेवर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं.

आता असला चष्मा कुणी ठिणग्यांसमोर धरतं का? काकांनी तो डबीसकट कपाटात ठेवला आणि डोळ्यांत तेल घालून जपला. कामाला आपला जुनाच. त्याच्यावर इतके ओरखडे होते की त्यातून ग्राइंडर फक्त ऐकू यायचा. मग काका तो कपाळावर सरकवायचे आणि निर्धास्त कामाला लागायचे.

त्या सकाळी काकूंच्या शिवणाच्या कात्रीला धार लावताना डाव्या डोळ्यात काहीतरी सपकन गेलं.

“अहो, चोळू नका!” काकू धावत आल्या.

उजव्या डोळ्याला काकू म्हणजे नुसता पांढुरका ठिपका दिसत होत्या. आता ही अशीच दिसणार?

डॉक्टरीणबाईंनी लोखंडाचा कण काढला. “आणखी केसभर आत गेला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. चष्मा लावला नव्हता?”

“लावला होता की.”

“कुठे?”

काकांनी कपाळाकडे बोट केलं.

“आणि कपाटात नवाकोरा पडलाय,” काकूंनी भांडं फोडलं.

“मग तो का नाही लावला?”

“खराब झाला असता,” काका पुटपुटले. डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघत होत्या.

दोन दिवसांनी पट्टी निघाली. काका गॅरेजमध्ये आले, तर काकू नव्या चष्म्याचं प्लास्टिक सोलत बसलेल्या.

“अगं, हळू! चरा पडेल!”

काकूंनी अर्धवट धार लागलेली तीच कात्री उचलली आणि काचेच्या कडेला कर्रकन एक लांब ओरखडा ओढला. काकांच्या काळजाला घरं पडली.

“झाला जुना,” काकू म्हणाल्या. “आता घाला.”

काकांनी चष्मा घातला. ओरखडा वगळता सगळं लख्ख दिसत होतं. काकूंचे रडून लाल झालेले डोळेसुद्धा.